दोन मेंढ्या, एक वीट

'व्यापार' हा खेळ माहीत नाही असं माझ्या वयाचं माणूस आपल्याकडे क्वचितच सापडेल. शहरांची नावं छापलेला चौकोनी पुठ्ठा, रंगीत नोटा, सोंगट्या, फासा आणि भावंडांपैकी एक जण बँकवाला. मुंबई विकत घ्यायची, तिथं घरं बांधायची आणि जो तिथं येऊन थांबेल त्याच्याकडून भाडं उकळायचं. दोन तासांनी एकाच्या पुढ्यात नोटांची गड्डी, बाकीचे कंगाल आणि सगळ्यात लहान भावंड रडत आईकडे गेलेलं. ज्या 'मोनोपॉली'वरून हा खेळ आपल्याकडे आला, त्याचं मूळ अमेरिकेतल्या लिझी मॅगी नावाच्या बाईंच्या खेळात आहे. जमिनीचे मालक नुसत्या भाड्यावर कसे गब्बर होतात आणि बाकीचे कसे नागवले जातात, हे लोकांच्या लक्षात यावं म्हणून त्यांनी तो तयार केला आणि १९०४ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. पुढं १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीनं 'मोनोपॉली' बाजारात आणला तेव्हा बाईंचा हेतू मागं पडला आणि नागवण्याची मजा तेवढी उरली. मला हा खेळ कधीच आवडला नाही. पटावरून बाद झालेल्या पोरानं उरलेला तासभर काय करायचं?

म्हणून गेल्या ईदला पुण्यात नोकरी करणारा माझा भाचा 'कॅटान' नावाचा खेळ घेऊन देवणीला आला, तेव्हा मी फारशी उत्सुक नव्हते. घरातल्या बायकांना तर नाव ऐकून बनारसी कतानची साडीच आठवली. डब्यातून निघाले षट्कोनी पुठ्ठ्याचे तुकडे, लाकडाची इवलीशी घरं आणि पत्ते. क्लाउस टॉयबर नावाच्या जर्मन गृहस्थांनी हा खेळ रचला. ते पेशानं दातांच्या कवळ्या वगैरे बनवणारे तंत्रज्ञ. संध्याकाळी घराच्या तळघरात बसून खेळ तयार करायचे आणि बायकोमुलांना खेळायला लावून तपासायचे. १९९५ मध्ये कॅटान बाजारात आला आणि त्याच वर्षी जर्मनीत तो वर्षातला उत्तम खेळ ठरला. टॉयबर २०२३ मध्ये वारले. आज जगभर हा खेळ खेळला जातो.

खेळ सांगायला सोपा आहे. १९ षट्कोन मांडून एक बेट तयार करायचं. त्यात चार जंगलं लाकूड देतात, चार शेतं गहू देतात, चार कुरणं मेंढ्या देतात, तीन टेकड्या विटा देतात, तीन डोंगर लोखंड देतात आणि एक वाळवंट काहीच देत नाही. वाळवंट सोडून प्रत्येक षट्कोनावर २ ते १२ मधला एक आकडा असतो, फक्त ७ नसतो. दोन फाशांची बेरीज जो आकडा येईल, त्या षट्कोनाच्या कोपऱ्यावर ज्याचं गाव वसलेलं असेल त्याला तिथलं पीक मिळतं. एक वीट आणि एक लाकूड दिलं की रस्ता. वीट, लाकूड, मेंढी आणि गहू दिले की गाव. तीन लोखंड आणि दोन गहू दिले की गावाचं शहर. गावाचा एक गुण, शहराचे दोन, सगळ्यात लांब रस्त्याचे दोन, सगळ्यात मोठ्या फौजेचे दोन. जो आधी १० गुण करेल तो जिंकला. सगळ्या पाचही वस्तू कुणालाच पुरेशा मिळत नाहीत, त्यामुळे एकमेकांशी अदलाबदल केल्याशिवाय गाडं पुढं सरकत नाही. आणि शेवटपर्यंत कुणीही पटावरून उठत नाही. मला तो इथंच पटला.

(भाषेची शिक्षिका म्हणून एक जाता जाता सांगते. 'अदलाबदल' मधला 'बदल' अरबीतून आलेला. 'अदल'चा अरबीतल्या न्याय या अर्थाच्या 'अद्ल'शी संबंध असेल असं मला वाटत नाही, पण वर्गात सांगायला मात्र फार बरं पडतं.)

पहिल्याच संध्याकाळी फाशांवरून अडलं. फाशांच्या खेळाबद्दल हदीसमध्ये आलेली ताकीद आपल्या बहुतेक घरांत ठाऊक असते. आमच्या घरी माझे सासरे, अब्बाजी, या बाबतीत फार काटेकोर. खेळात पैसा लागलेला नाही हे सांगूनही त्यांची कपाळावरची आठी गेली नाही. यावर निकाल देण्याचा मला अधिकार नाही आणि उलेमांमध्ये यावर बरीच चर्चा आहे. आम्ही फासे डब्यात ठेवून दिले आणि लग्नपत्रिकांच्या जाड कागदाच्या ३६ चिठ्ठ्या कापल्या. दोन फाशांच्या ३६ शक्यता असतात: ७ येण्याच्या सहा, ६ आणि ८ च्या प्रत्येकी पाच, ५ आणि ९ च्या चार, ४ आणि १० च्या तीन, ३ आणि ११ च्या दोन, २ आणि १२ ची एकेक. त्या हिशेबानं चिठ्ठ्यांवर आकडे लिहिले आणि अम्मीच्या जुन्या बटव्यात घातल्या. अब्बाजींनी बटवा हातात घेऊन चिठ्ठ्या मोजल्या, "हे गणित आहे," म्हणाले आणि इशाची तयारी करायला उठले.

या बटव्यानं खेळाची चाल थोडी बदलली. फासा मागचं काही लक्षात ठेवत नाही. पाच वेळा ६ पडला तरी सहाव्यांदा पडू शकतो. आमच्या बटव्यात ६ च्या पाच चिठ्ठ्या निघाल्या की बटवा पुन्हा भरेपर्यंत ६ नाही. माझ्या मधल्या मुलानं हे पहिल्यांदा हेरलं आणि तो गुपचूप बोटांवर मोजू लागला. म्हणून मग पाच-सहा चिठ्ठ्या उरल्या की सगळ्या परत बटव्यात टाकायच्या असं ठरवलं, नाहीतर शेवटची चिठ्ठी कोणती हे सगळ्यांनाच कळतं. दहावीला गणितात गटांगळ्या खाणारी मुलं संभाव्यता या बटव्यातून चटकन शिकतात, हे मी शाळेतही पाहिलं आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं आणि भाचा मिळून २२ डाव खेळले. कधी चौथी खेळाडू म्हणून मी, बऱ्याचदा नुसती वही घेऊन बाजूला. कोण कुठं बसलं, कुणी कशाच्या बदल्यात काय दिलं, कोण जिंकलं, हे मी लिहून ठेवलं. शिक्षकी सवय, दुसरं काय. त्या वहीतून जे समजलं ते सांगते.

अर्धा डाव पहिल्या दोन गावांतच ठरतो. खेळाच्या सुरुवातीला प्रत्येकानं दोन गावं आणि दोन रस्ते फुकट मांडायचे असतात. प्रत्येक आकड्याखाली ठिपके छापलेले असतात. ६ आणि ८ खाली पाच, २ आणि १२ खाली एक. ज्या कोपऱ्यावर तीन षट्कोन मिळतात तिथल्या ठिपक्यांची बेरीज करायची. दोन लाल आकडे शेजारी ठेवत नाहीत, त्यामुळे सगळ्यात भारी कोपरा १३ ठिपक्यांचा. दहाच्या पुढं मिळालं तरी चांगलं. थोरला लातूरला अकरावीत, हिशेबात पक्का. तो नेहमी ठिपके मोजून बसायचा आणि तरी हरायचा. एका डावात त्याची दोन्ही गावं लोखंड आणि गव्हावर होती, ठिपके सगळ्यांपेक्षा जास्त, आणि वीट मात्र एकही नाही. पाऊण तास तो हातात लोखंड घेऊन बसला होता, रस्त्याचा एक तुकडा त्याला टाकता आला नाही.

आपल्या भागात सोयाबीनच्या रानात मधे मधे तुरीच्या ओळी टाकतात. पावसानं एक हात दिला नाही तर दुसरं पीक उभं राहतं. पहिल्या दोन गावांत पाचपैकी निदान चार वस्तू मिळाल्या पाहिजेत, मग ठिपका एखादा कमी असला तरी चालतो. दुसरं असं, की गावं मांडण्याचा क्रम जाऊन उलटा येतो. पहिला एक मांडतो, चौथा लागोपाठ दोन मांडतो आणि पहिल्याला दुसरं गाव सगळ्यात शेवटी मिळतं. त्यामुळे पहिल्यानं सुंदर कोपरा घेताना शेवटी काय उरेल याचा अंदाज बांधायचा. चौथ्याला मात्र एकमेकांना पूरक अशी जोडी घेता येते. आमच्या वहीत चौथ्या जागेवरून जिंकलेले डाव मला वाटलं होतं त्यापेक्षा बरेच जास्त निघाले.

मग भाव. पटावर काय महाग आहे हे दर डावात वेगळं असतं. विटा आणि लोखंड यांचे षट्कोन तीनच, त्यातही विटांवर २, ३ आणि ११ असे आकडे पडले तर त्या दिवशी वीट म्हणजे सोनं. आणि डाव पुढं सरकतो तसा भावही सरकतो. सुरुवातीला सगळ्यांना रस्ते आणि गावं हवीत, तेव्हा वीट आणि लाकूड चढं. अर्ध्या डावानंतर सगळे शहरांच्या मागं लागतात, तेव्हा लोखंड आणि गहू चढे, आणि वीट कुणी विचारत नाही. ज्याच्याकडं विटा आहेत त्यानं त्या पहिल्या अर्ध्या तासात विकायच्या. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन एकदम बाजारात आलं की भाव बसतो हे देवणीतल्या पोराला सांगावं लागत नाही. थांबलं तर मिळतं, पण थांबायची ऐपत लागते. खेळात ही अडचण ७ आकडा आणतो. ७ आला की ज्याच्या हातात सातपेक्षा जास्त पत्ते असतील त्याचे निम्मे जातात. आणि ७ सगळ्यात जास्त वेळा येतो. घरात पोती ठेवणाऱ्या शेतकऱ्याकडं दरोडेखोर येत नाही, पण उधारीवर बियाणं-खत दिलेला दुकानदार दारात येतो, ते एकच. म्हणून सात पत्ते झाले की काहीतरी बांधायचं किंवा काहीतरी देऊन टाकायचं.

७ आला की पटावरचा दरोडेखोरही हलतो. ज्याच्या षट्कोनावर तो बसेल त्याचं तिथलं पीक बंद, आणि वर एक पत्ता चोरीला. लोक त्याला सहसा पुढं असलेल्याच्या डोक्यावर बसवतात. म्हणून पुढं असणं लवकर दिसू द्यायचं नाही. मधला यात तरबेज. सातव्या गुणापर्यंत त्याचं रडगाणं चालू असतं, "माझं काही खरं नाही, मला कुणी मेंढी पण देत नाही." आणि मग एकाच चालीत झाकून ठेवलेले गुणांचे दोन पत्ते उलटे करून मोकळा होतो. (असे झाकून ठेवायचे गुण २५ पत्त्यांत पाचच असतात, आणि ते त्यालाच कसे मिळतात हे त्याच्या भावाला अजून पडलेलं कोडं आहे.) व्यापाऱ्याच्या घरात हा मुलगा शोभला असता.

आता सौदा. हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार आमच्या भागात नावाजलेला. आमच्या गावाचं नाव लावणारी देवणी जातीची गाय-बैलं तिथं मोठ्या संख्येनं येतात. माझे नाना बैलाच्या सौद्याला बसायचे तेव्हा भाव बोलायचे नाहीत. उपरण्याखाली हात घालून एकमेकांची बोटं धरायची. किती बोटं धरली त्यावरून भाव कळायचा, आणि भोवती उभ्या माणसांना काही समजायचं नाही. एकाशी काय ठरतं आहे ते दुसऱ्याला कळू नये, यात दोघांचाही फायदा. कॅटानमध्ये उलट आहे. सौदा सगळ्यांसमोर, मोठ्यानं. ज्याची पाळी आहे तो कुणाशीही अदलाबदल करू शकतो, बाकीचे फक्त त्याच्याशीच. "कुणाकडं वीट आहे का, वीट?" असं ओरडलं की आपली गरज चव्हाट्यावर येते आणि विटेचा भाव तिथंच दुप्पट होतो. भाचा असं विचारायचा नाही. तो म्हणायचा, "माझ्याकडं गहू आहे, कोण काय देतंय?" मग बाकीचे तिघं एकमेकांवर चढ बोलायचे. पीक निघताना कुणाला काय मिळालं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाटलं जातं. ते लक्षात ठेवलं तर वीट कुणाकडं आहे हे विचारायची गरजच पडत नाही.

दुसऱ्यानं मागितलेली वस्तू देण्याआधी तो त्याचं काय करणार हे पाहायचं. एका लाकडानं त्याचं गाव उभं राहणार असेल आणि मिळालेल्या मेंढीनं माझं काहीच होणार नसेल, तर एकास एक हा सौदा बरोबरीचा दिसतो, पण असत नाही. आठ गुणांच्या पुढं गेलेल्याला काहीही द्यायचं नाही, कितीही जास्त देत असला तरी. पण याचा अर्थ सगळ्यांना 'नाही' म्हणत बसायचं असाही नव्हे. वहीत एक गोष्ट स्पष्ट दिसते. थोरला कुणालाच काही द्यायचा नाही आणि सर्वांत कमी डाव जिंकला. जो दर फेरीत एखादा रास्त सौदा करतो, त्याला लोक आधी विचारतात. चार जणांत दोघं एकमेकांशी देवाणघेवाण करत राहिले, तर अडून बसलेले दोघं आपोआप मागं पडतात.

आता धाकटीकडं येते. ती आठवीत आहे. पहिल्या नऊ डावांत ती एकदाही जिंकली नाही. खेळ तिला उत्तम समजत होता. गावं ती दोघा भावांपेक्षा चांगली मांडायची. पण भावानं हात पुढं केला की ही पत्ता देऊन मोकळी. आमची घरातली बोली दखनी, इथं मराठीत लिहिते: "घे भय्या, वीट घे. मला नंतर दे काहीतरी." ते नंतर कधी यायचं नाही. एकदा भाच्यानं तिला थांबवलं आणि नियमांची पुस्तिका उघडून दाखवली. पत्ता फुकट देता येत नाही, असा त्यात नियमच आहे. देवाणघेवाणीत दोन्ही बाजूंनी निदान एक पत्ता गेला पाहिजे. धाकटीनं ते वाचलं, थोडा विचार केला आणि पुढच्या वेळी विटेच्या बदल्यात एक मेंढी घेतली. त्या पटावर मेंढ्या गल्लोगल्ली फिरत होत्या आणि तिच्या हातात आधीच चार होत्या. नियम पाळला गेला आणि वीट फुकटच गेली.

मी तिला रात्री विचारलं, मेंढीचं तू काय करणार होतीस? ती म्हणाली, "काही नाही. पण नाही म्हटलं तर भय्या नाराज होतो."

तिला 'नाही' म्हणायला शिकवून काही झालं नसतं. मी तिला बंदर दाखवलं. बेटाच्या कडेनं बंदरं असतात. एरवी बँकेत चार सारखे पत्ते दिले की हवा तो एक मिळतो. साध्या बंदरावर गाव असेल तर तीनला एक. आणि ज्या बंदरावर एखाद्या वस्तूचं चित्र आहे तिथं त्या वस्तूचे दोन दिले की एक. पुढच्या डावात तिनं दुसरं गाव मेंढीच्या बंदरावर मांडलं. किनाऱ्याचा कोपरा म्हणून ठिपके कमी होते, थोरला हसला. मी तिला एवढंच सांगितलं होतं, की आता तुझ्याकडं दोन मेंढ्यांना एक वीट कुणाला न विचारता मिळते. भाऊ यापेक्षा चांगला भाव देत असेल तर त्याच्याशी सौदा कर, देत नसेल तर बंदरावर जा. रुसायचं कारण नाही, भांडायचं कारण नाही.

तिच्या आवाजात त्या दिवसापासून फरक पडला. "दोन लाकडं दे, नाहीतर राहू दे," हे ती हसत म्हणू लागली. आकडा सांगायला धीर कुठून आला? दुसरा रस्ता हातात होता तिथून. अकराव्या डावात ती जिंकली.

यानंतर दोन्ही भावांनी तिच्याशी सौदे बंद केले. "ही बदलली," म्हणाले. दोन डाव तिला कुणी काही दिलं नाही, दरोडेखोरही तिच्याच कुरणावर बसायचा. एका संध्याकाळी ती खेळायला बसलीच नाही, स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन भाजी निवडत राहिली. मी काही बोलले नाही. तेराव्या डावात विटांवर वाईट आकडे पडले आणि विटांचा एकमेव बरा कोपरा धाकटीकडं होता. मधला चार फेऱ्या अडून राहिला, पाचव्या फेरीला म्हणाला, "एक लोखंड देतो." ती म्हणाली, "एक लोखंड, एक गहू." दिला त्यानं. पुढं पुन्हा सगळं सुरळीत झालं, आणि आता तो सौदा करायला आधी तिच्याकडंच येतो, कारण ती एकदा बोललेला भाव फिरवत नाही.

'नाही म्हटलं तर भय्या नाराज होतो.' हे वाक्य मी आधी ऐकलेलं आहे, आणि ते आठवीतल्या मुलीच्या तोंडून नव्हे. माझ्या फुफीनं दादांच्या जमिनीतला आपला हिस्सा भावांना सोडला तेव्हा ती पन्नाशीची होती. आपल्या समाजात याला हिस्सा 'माफ' करणं म्हणतात. जणू हिस्सा मागणं हा गुन्हा होता. सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा ठरवून दिलेला आहे हे फुफीला पाठ होतं, ती मोहल्ल्यातल्या मुलींना कुरआन शिकवायची. पण ईदला माहेरी कुणीतरी बोलवावं, बाळंतपणाला कुणीतरी यावं, यासाठी तिनं हक्कसोडपत्रावर अंगठा दिला. बदल्यात तिला एक साडी मिळाली. फुकट देता येत नाही, हा नियम इथंही पाळला गेला म्हणायचा.

आता वेळ माझ्यावर आहे. माझ्या अब्बांची सहा एकर जमीन आहे. त्यांचं कर्ज फिटलं, आता वाटणी व्हायची आहे. अम्मीचा आठवा हिस्सा, उरलेल्यात भावाचे दोन आणि माझा एक. हिशेब अवघड नाही. सहा एकराचे २४० गुंठे, त्यातले ३० अम्मीचे, १४० भावाचे, ७० माझे. म्हणजे पावणेदोन एकर. भाऊ लहान आहे माझ्यापेक्षा, मेहनती आहे, आणि त्यानं मला हक्कसोडपत्राचा मसुदा मोबाइलवर पाठवला. सोबत लिहिलं, आपा, वेळ मिळेल तेव्हा ये, सही करून जेवून जा.

मी गेले. जेवले. त्याची नड मला माहीत होती. विहिरीचं पाणी माघात आटतं, आणि ठिबक बसवायला त्याच्याकडं रक्कम नाही. माझ्याकडं पगार आहे, पण कसायला माणूस नाही. मी त्याला म्हटलं, सोडपत्र नको. सातबाऱ्यावर तिघांची नावं लागू देत. माझे ७० गुंठे तूच कस, खर्च वजा जाता माझ्या वाट्याच्या पिकातला निम्मा हिस्सा मला दे. ठिबकचा अर्धा खर्च मी करते, सगळ्या सहा एकरांचा. विकायची वेळ आली तर पहिला हक्क तुझा, त्या वेळच्या बाजारभावानं.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आपा, तू माहेरी सौदा करायला आलीस?"

मी म्हटलं, हो. चांगला सौदा आहे, कागदावर मांडून बघ.

अम्मी आतून चहा घेऊन आली. तिच्या तीस गुंठ्यांबद्दल तिला कुणी काही विचारलं नव्हतं, हे मला तेव्हा सुचलं. मी तिलाही बसायला सांगितलं आणि हिशेब पुन्हा पहिल्यापासून तिच्यासमोर केला. तिनं एकच प्रश्न विचारला, ठिबक बसल्यावर विहिरीलगतच्या लिंबाला पाणी मिळेल का.

भावानं हरभरा निघेपर्यंत मुदत मागितली आहे. मी दिली. सध्या त्याचे फोन थोडे कमी येतात, पण येतात. मधल्या काळात डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपये भरून मी काढून ठेवला आहे. त्यासाठी कुणाची वाट पाहायची नव्हती.